पायऱ्यांखाली

तडवी सरांचा वर्ग सायकलच्या दुकानावर.
खाली पंक्चर काढतात, वर आम्ही नऊ जणी
कांजी गिरवतो. अमळनेरच्या दुपारी
पंपाची फुसफुस, आणि नागोयात आठ वर्षं
वेल्डिंग करून आलेल्या माणसाचा हळू आवाज.

"हा धडा परीक्षेला नाही," सर म्हणाले,
"पण तुम्ही म्हाताऱ्यांना भरवायला चालल्या आहात.
टीव्हीवर राजघराण्यातलं कोणी दिसलं
की एखादी आजी घास तोंडात धरून थांबेल.
तेव्हा चमचा मागे घ्यायचा.
आणि शब्द कानावरून गेलेला असावा."

तेन्नो. कोगो. शिन्नो.
मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते,
चौकोनी कापून, दोरा ओवून.

घरी धाब्यावर आई बिबडे सोडवत होती.
वाळलेलं धोतर उलटं करून
पाठीवर पाण्याचा हबका मारायचा,
मग ज्वारी आपणहून कापड सोडते.
"वाच," म्हणाली. "काम काय कानघाई करस का?"

कोताइगो, मी वाचलं. आधीच्या राजाची राणी.
नवरा गेला की तिच्या पदवीत
एक अक्षर वाढतं. 'थोर' असं.
आईनं माझ्या हातातलं कार्ड उलटं केलं.
मागे कुणाच्या तरी पत्रिकेचा तुकडा:
निमंत्रक गं. भा. कासाबाई.
"हाई ते आपलंच शे," ती म्हणाली.
"वाढतस अक्षरं. ते का कमी पडतस?"

मग नाइशिन्नो.
राजाची मुलगी, किंवा नात.
तिच्या पदवीचं पहिलं अक्षर: आत.
"आनि लगीन हुयनं का मंग तिले काय म्हंतस?"
काही नाही म्हणत.
त्या घराण्याला आडनावच नसतं.
साध्या माणसाशी लग्न केलं
तर घराण्याच्या वहीतून तिचं नाव निघतं
आणि नवऱ्याचं आडनाव, जन्मातलं पहिलं,
तिला चिकटतं.

आई एक बिबडा सोलत होती, तो मधेच फाटला.
तिचं माहेरचं नाव सुपडी.
आधीची दोन भावंडं गेली म्हणून
हिला सुपात घालून ओढली होती, दृष्ट लागू नये म्हणून.
सासरी परातीतल्या तांदळावर
अंगठीनं शैलजा लिहिलं कुणीतरी.
आजही मागून शैलजा हाक आली
तर ती एक क्षण उशिरा वळते.

आमच्या गल्लीत सगळे पदवीधर:
आबा, आप्पा, नाना, तात्या, दोन जिभाऊ.
त्यातल्या एका जिभाऊंचं नाव मधुकर होतं
हे चौकात त्यांच्या दहाव्याचा फलक लागला
तेव्हा कळलं. सख्ख्या सुनेलाही.

शेवटचं कार्ड: हेइका.
राजाला असं म्हणतात, पण अर्थ राजा नाही.
अर्थ आहे, पायऱ्यांखाली.
राजाशी थेट बोलायचं नसतं,
खाली उभ्या असलेल्या चाकराला सांगायचं,
तो वर पोचवतो. तो खालचा कोपराच
हळूहळू राजाचं नाव झाला.

आई हसली, बहुतेक.
ओटा मला दिसला. त्याच्याखाली उभी राहून
अंगणातल्या लेकराला सांगणारी ती:
"आबास्ले सांग, चहा थंडा हुई राहयना."
आबा दोन हातांवर बसलेले.
त्यांना सगळं ऐकू जायचं.
तरी ते लेकराकडेच बघायचे.
ते लेकरू मी.

उजेड कमी होत चालला होता,
धोतराची अजून एक बाजू राहिली होती.
"मंग त्या पायरीखाल उभा शे
त्याले काय म्हंतस?"

पुस्तकात नाही, म्हटलं. सरांना विचारेन.

"इचार," ती म्हणाली,
आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.
"आते धर हाऊ कोना. ताण. जोरमा नको."